ड्युअल बूट लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज आणि उबंटू पुन्हा टाकायचं असेल तर क्रम असा ठेवा

ड्युअल बूट मशीन फॉरमॅट करताना गडबड होते ती इन्स्टॉल करताना नाही, त्याच्या बरीच आधी होते. कुणी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबंटूचं पार्टिशन डिलीट करून टाकतं आणि रीस्टार्ट केलं की काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब (सुरुवातीला सिस्टिम निवडून देणारा उबंटूचा प्रोग्राम) येऊन कर्सर लुकलुकत बसतो. कुणी दोन डिस्क असलेल्या मशीनवर भलतीच डिस्क पुसतं. कुणी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, एक सेटिंग बदलतं आणि पुढच्या बूटला निळा स्क्रीन ४८ आकडी की मागतो, ती की कुठंच लिहून ठेवलेली नसते. हे सगळं टाळता येतं, फक्त कामं ठरलेल्या क्रमाने करायची आणि पुसण्याच्या आधीच्या तयारीला घाई करायची नाही.

इथे मी धरलंय ते मशीन म्हणजे हल्लीचा नेहमीचा लॅपटॉप, यूईएफआयवाला (म्हणजे बायोसची नवी पद्धत, जुनीला लेगसी म्हणतात), ५१२ जीबीची एसएसडी आणि सोबत १ टीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज ११ आणि उबंटू. एसएसडी पूर्ण साफ करायची, मग दोन्ही सिस्टिम कोऱ्या टाकायच्या. हार्ड डिस्कवरचा डेटा तसाच ठेवायचा.

१. पुसायच्या आधी मशीन नीट बघून घ्या

विंडोज चालू असेल तर स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा आणि बायोस मोड या ओळीपुढे यूईएफआय आहे की लेगसी ते बघा. हे माहीत नसताना केलेला पेन ड्राइव्ह पुढे हमखास अडतो. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून दोन्ही डिस्कचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. ५१२ जीबीची एसएसडी तिथे ४७६ जीबीच्या आसपास दिसते आणि १ टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. हेच दोन आकडे पुढे डिस्क ओळखायला कामी येणार आहेत.

डिस्कची तब्येत पण आत्ताच बघा. उबंटूमध्ये डिस्क्स नावाचं ॲप असतं, त्यात मेनूमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, मिळतो. मशीन स्लो झालंय म्हणून बरेच जण फॉरमॅट करायला बसतात आणि खरं कारण मरायला टेकलेली डिस्क असते, तिथे नवीन विंडोज टाकून काही उपयोग नाही, आधी डिस्क बदला.

आणि विंडोज १० परत टाकायचा विचार असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. मशीन त्यात बसत नसेल तर एकटं उबंटू टाकणं हा चांगला पर्याय आहे.

२. बॅकअप, दोन्ही बाजूंचा

विंडोजच्या बाजूने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स एवढं सगळेच घेतात. राहतं ते वेगळंच. ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क सिंक आहेत का ते उघडून बघा. टॅली वापरत असाल तर त्याच्या आत जाऊन बॅकअप घ्याच, शिवाय डेटा फोल्डर पण वेगळा कॉपी करा. ऑफिसची जुनी मराठी कागदपत्रं कृतीदेव, शिवाजी किंवा श्री-लिपीत टाइप केलेली असतील तर त्या फॉन्टच्या फाइल्स उचलून ठेवा, कारण ते युनिकोड नाहीत आणि फॉन्ट गेला की अख्खी फाइल म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट नेहमी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्येच असतात असं नाही, एकाच युजरसाठी टाकलेले असतील तर ते त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जाऊन बसतात, तिथे पण बघा.

वनड्राइव्ह चालू असेल तर अजून एक खाच आहे. फाइलपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाहीच, फक्त नाव आहे. एकतर ती ऑनलाइन अकाउंटमध्ये उघडून खात्री करा नाहीतर राइट क्लिक करून कायम मशीनवर ठेवायचा ऑप्शन द्या, पूर्ण उतरू द्या आणि मग कॉपी करा.

उबंटूच्या बाजूने होम फोल्डर घ्यायचा, पण लपलेल्या फोल्डरसकट. फाइल्स ॲपमध्ये कंट्रोल एच दाबलं की टिंबाने सुरू होणारे फोल्डर दिसतात, एसएसएच की, मेलचं प्रोफाइल, सगळ्या ॲपच्या सेटिंग त्यातच असतात. एक्स्टर्नल डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर लिनक्सच्या परमिशन टिकत नाहीत म्हणून होम फोल्डरची एक टार फाइल (सगळं एकत्र बांधलेली एकच फाइल) करून ती कॉपी करा. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही, ही एरर आली की लोक कॉपी अर्धवट सोडून पुढे जातात.

आणि उबंटूचा डेटा उबंटूमधूनच घ्यायचा. विंडोजला एक्स्ट४, म्हणजे उबंटूच्या पार्टिशनचा फॉरमॅट, वाचता येत नाही, उलट पार्टिशनवर क्लिक केलं की ते फॉरमॅट करू का असं विचारतं आणि तिथे चुकून हो म्हटलं की संपलं.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आठदहा फाइल्स खरंच उघडून बघा. फोल्डर दिसला म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

सावधान: बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवला तर तो बॅकअप धरू नका. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवला असेल तरी महत्त्वाच्या गोष्टींची एक कॉपी मशीनच्या बाहेर पाहिजेच.

३. की, लायसन्स आणि पासवर्ड

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, आपण कधी लावलाच नाही असं बहुतेकांना वाटत असतं. पण विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम एडिशनवर सुद्धा. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर डिव्हाइसेसमध्ये जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की बघा आणि कागदावर लिहून घ्या. जुनं विंडोज तर पुसायचंच आहे, मग की कशाला असं वाटेल. पण बायोसला हात लावल्यावर लक्षात आलं की एक फोल्डर राहिला, तर आत जायला हीच की लागते. हार्ड डिस्कवरचं पार्टिशन एन्क्रिप्टेड असेल तर ती अजूनच महत्त्वाची, कारण नवीन विंडोजमधून ते उघडताना जुनीच की मागणार.

विंडोजचं लायसन्स लॅपटॉपसोबत आलेलं असेल तर काही करावं लागत नाही, ते मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं आणि नेटला लागलं की ॲक्टिव्हेट होतं. फक्त एडिशन तीच टाका, होम असेल तर होम. बाकी विकतच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून घ्या आणि ज्या सॉफ्टवेअरला मोजकीच ॲक्टिव्हेशन मिळतात ती डीॲक्टिव्हेट करा. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर आणि पासवर्ड हाताशी ठेवा, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी हे शोधत बसायला नको.

४. दोन पेन ड्राइव्ह तयार करा

एक विंडोजचा, किमान ८ जीबी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन केला की झालं. दुसरा उबंटूचा, २४.०४ एलटीएसची (जास्त वर्षं सपोर्ट असलेली आवृत्ती) आयएसओ म्हणजे इन्स्टॉलरची फाइल ६ जीबीच्या आसपास आहे त्यामुळे तो पण ८ जीबीचा घ्या. उबंटूसाठी रूफस किंवा बलेना एचर हे पेन ड्राइव्ह बूटेबल करणारं सॉफ्टवेअर वापरा, आयएसओ नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी पेस्ट करून बूट होत नाही. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी (यूईएफआयसोबत चालणारी पार्टिशनची नवी पद्धत) आणि टार्गेट यूईएफआय ठेवा. डाउनलोडचा चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का ते सांगणारा कोड, साइटवरच्याशी जुळतोय का ते बघून घ्या, अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉल करताना मध्येच कुठेतरी दगा देते आणि आपण दोष डिस्कला देत बसतो.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वाय-फायचा ड्रायव्हर आणि इंटेलचं मशीन असेल तर आरएसटी म्हणजे स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, अनझिप करून विंडोजच्या पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका. याचं कारण पुढे येतंय.

तपासा: दोन्ही पेन ड्राइव्हवरून एकदा बूट करून बघा, काही पुसायच्या आधी. उबंटूमध्ये ट्राय उबंटू घेऊन वाय-फाय, टचपॅड, आवाज चालतोय का बघा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप किंवा एफ८, एसरला एफ१२ पण बऱ्याचदा ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. मेनूमध्ये एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या पुढे यूईएफआय लिहिलंय तोच घ्या.

५. बायोसमधल्या सेटिंग आत्ता बदला, आधी नाही

बॅकअप झाला, की लिहून झाली, पेन ड्राइव्ह चालतात हे बघून झालं, आता बायोस. लेगसी किंवा सीएसएम (त्याच जुन्या पद्धतीचं दुसरं नाव) बंद, यूईएफआय चालू. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीला चालू न देणारी सोय, चालू राहू द्या, उबंटू त्याच्यासोबत नीट चालतं, ते बंद करायचा सल्ला जुना झालाय.

खरी गंमत स्टोरेजच्या सेटिंगमध्ये आहे. इंटेल अकराव्या जनरेशन आणि पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी किंवा आरएसटी हा इंटेलचा स्टोरेज मोड चालू असतं आणि मग विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, यादी रिकामी. लोकांना वाटतं डिस्क गेली. एकतर तिथे लोड ड्रायव्हर करून पेन ड्राइव्हवरचा आरएसटी ड्रायव्हर द्यायचा, नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून साधं एएचसीआय करायचं. सगळंच पुसणार असाल तर मी दुसरं सुचवेन, कारण काही मशीनवर उबंटूचा इन्स्टॉलर पण आरएसटी बंद करा म्हणून अडतो, एकदाच सोडवून टाकलेलं बरं. पण हा बदल जुनं विंडोज अजून हवं असताना केला तर ते बूटच होत नाही, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून निळा स्क्रीन येतो. म्हणून हे बॅकअपच्या नंतरच.

बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क आता काढून कपाटात ठेवा. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर लाइट जाण्याच्या वेळेत हे काम काढू नका. शक्य असेल तर १ टीबीची हार्ड डिस्क पण काढून ठेवा, डेस्कटॉपला नुसती केबल उपसली की झालं, काही बायोसमध्ये तो पोर्ट बंद करता येतो. असं का, तर दुसऱ्या डिस्कवर जुनं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचं छोटं पार्टिशन) असेल तर विंडोज इन्स्टॉलर आपला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, गुपचूप तिथेच टाकून देतो. वर्षभराने ती हार्ड डिस्क काढली की एसएसडीवरचं विंडोज उठत नाही आणि कुणालाच कारण समजत नाही.

६. डिस्क पुसणं

विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट करा. नवीन इन्स्टॉलर सुरुवातीलाच सगळं डिलीट होईल हे मान्य आहे अशी टिक मागतो, त्या टिकेने लगेच काही पुसलं जात नाही, डिस्क निवडायचा स्क्रीन नंतर येतो. तो स्क्रीन आला की शिफ्ट धरून एफ१० दाबा, काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण लागतं. काळी कमांडची खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट, एंटर. मग लिस्ट डिस्क, एंटर.

आता थांबा आणि यादी वाचा. समोर साधारण असं दिसेल: एक डिस्क ४७६ जीबी, हार्ड डिस्क काढली नसेल तर एक ९३१ जीबी, आणि एक तुमचा पेन ड्राइव्ह, तो १६ जीबीचा असेल तर १४ जीबीच्या आसपास. डिस्क जीपीटी असेल तर त्या कॉलममध्ये चांदणी (*) असते. डिस्कच्या नंबरवर अजिबात विश्वास ठेवू नका, बऱ्याच मशीनवर हार्ड डिस्क शून्य नंबरला असते आणि एसएसडी एक नंबरला, आणि विंडोजमध्ये दिसलेला नंबर इथे तसाच असेल असं पण नाही. साइजवरून ओळखा. दोन डिस्क सारख्याच साइजच्या असतील तर एक सिलेक्ट करून डिटेल डिस्क द्या, कंपनीचं नाव आणि मॉडेल दिसतं.

मग सिलेक्ट डिस्क आणि तो नंबर. परत एकदा लिस्ट डिस्क द्या, निवडलेल्या डिस्कच्या आधी चांदणी आलेली दिसेल. ती बरोबर ओळीवर आहे ना बघा. मगच क्लीन. त्याच्यानंतर कन्व्हर्ट जीपीटी, आणि दोनदा एक्झिट.

सावधान: क्लीन म्हटल्यावर ते परत विचारत नाही, खात्री आहे का वगैरे काही नाही, सेकंदात होतं.

मशीन विकायचं असेल तर एवढं पुरत नाही. क्लीनने फक्त पार्टिशनचा तक्ता जातो, डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळतं. एसएसडीसाठी बायोसमध्ये सिक्युअर इरेज असेल तर ते वापरा. क्लीन ऑल ही कमांड सगळी डिस्क शून्यांनी भरते, ती फिरत्या हार्ड डिस्कसाठी ठीक आहे, १ टीबीला काही तास लागतील, एसएसडीवर मात्र ती चालवू नका.

७. विंडोज आधी

विंडोज आधी, उबंटू नंतर. उलटं केलं तर विंडोज स्वतःला बूटच्या यादीत पहिलं करून घेतं आणि उबंटू गायब झाल्यासारखं वाटतं. दुरुस्त होतं ते, पण उगाच कशाला.

आता डिस्कच्या यादीत रिफ्रेश केलं की सगळं अनअलोकेटेड दिसेल. इथे नुसतं नेक्स्ट केलं तर विंडोज अख्खी एसएसडी खातं आणि मग उबंटूसाठी सी ड्राइव्ह लहान करत बसावं लागतं, त्यात न हलणाऱ्या फाइल्स आडव्या येतात. त्यापेक्षा न्यू किंवा क्रिएट पार्टिशन घ्या आणि साइज एमबीमध्ये लिहा. २५० जीबी हवं असेल तर २५६०००, म्हणजे २५० गुणिले १०२४. ईएफआयचं छोटं पार्टिशन आणि १६ एमबीचं रिझर्व्ह्ड पार्टिशन ते आपोआप करतं, त्यांना हात लावू नका. उरलेली जागा अनअलोकेटेड राहू द्या, तिला फॉरमॅट करून डी ड्राइव्ह करायची नाही.

पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्हवरून परत बूट झालं तर तो काढा, नाहीतर इन्स्टॉलर पहिल्यापासून सुरू होतो. पुढे विंडोज ११ नेट मागतं आणि वाय-फाय ओळखत नाही असं होऊ शकतं. मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालतं.

८. उबंटू टाकायच्या आधी विंडोजमध्ये तीन कामं

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

पहिलं, विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या आणि विंडोज ॲक्टिव्हेट झालंय का बघा.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण काय करतं त्या पानावर. हे चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि मग उबंटूमधून सी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही.

तिसरं, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. नवीन विंडोजने ते परत चालू केलेलं असू शकतं आणि त्याची की नवीन असते, जुनी चालत नाही. नको असेल तर आत्ता बंद करा आणि डीक्रिप्ट पूर्ण होईपर्यंत थांबा. हवं असेल तर नवीन की लिहून घ्या, आणि उबंटूचा इन्स्टॉलर त्यावरून कटकट करू शकतो हे लक्षात ठेवा.

९. उबंटू

उबंटूच्या पेन ड्राइव्हवरून बूट करा, परत यूईएफआयवालीच एंट्री. ग्राफिक्स आणि वाय-फायच्या थर्ड पार्टी सॉफ्टवेअरची टिक द्या. डिस्कच्या पानावर इरेज डिस्क हा ऑप्शन असतो, तो निवडला की आत्ता टाकलेलं विंडोज जातं. मॅन्युअल घ्या.

मोकळी जागा निवडा, प्लस, एक्स्ट४, माउंट पॉइंट (ते पार्टिशन उबंटूमध्ये कुठे जोडायचं ती जागा) नुसता स्लॅश. बस. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन लागत नाही, उबंटू स्वॅप फाइल करतं. खाली बूटलोडर कुठल्या डिस्कवर ते विचारतं, तिथे एसएसडी निवडा. १०० एमबीच्या आसपासचं फॅट३२ पार्टिशन म्हणजे विंडोजचं ईएफआय, तेच उबंटूही वापरतं, त्याच्यापुढे माउंट पॉइंट स्लॅश बूट स्लॅश ईएफआय दिसायला पाहिजे आणि फॉरमॅटची टिक नसायला पाहिजे. ती टिक राहिली तर विंडोजचा बूटलोडर उडतो.

तपासा: शेवटच्या पानावर काय काय बदलणार त्याची यादी येते. फॉरमॅट होणारं एकच पार्टिशन असलं पाहिजे, तुम्ही केलेलं एक्स्ट४. अजून काही दिसलं तर बॅक करा.

इन्स्टॉल करताना सिक्युअर बूटसाठी एक पासवर्ड मागितला तर तो लिहून ठेवा, लॉगिनचा नाही तो, एकदाच लागतो. रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर मॉक (सिक्युअर बूटसाठी तुमच्या मशीनची की) मॅनेजमेंटसाठी कुठलंही बटण दाबा असं येतं आणि साधारण १० सेकंदात निघून जातं. दाबा, एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, तो पासवर्ड, रीबूट. हे चुकलं की एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालत नाही आणि लोक आठवडाभर ड्रायव्हर काढून परत टाकत बसतात.

१०. दोन्ही सुरू झाल्यावर

ग्रबच्या यादीत विंडोज नसेल तर घाबरू नका, बूट मेनूच्या बटणाने विंडोज बूट मॅनेजर निवडून ते उठतं का आधी बघा. उठलं तर उबंटूमध्ये ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये डिसेबल ओएस प्रोबर ही ओळ फॉल्स करून अपडेट-ग्रब चालवा.

घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर तो बॅटरीचा दोष नाही. उबंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबंटूमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडने लोकल आरटीसी (मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ) चालू केलं की भांडण मिटतं.

मराठी कीबोर्ड दोन्हीकडे भाषेच्या सेटिंगमधूनच टाका, विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात, बाहेरचं काही उतरवायची गरज नाही. मग हार्ड डिस्क परत जोडा, दोन्हीकडून दिसते का बघा, आणि शेवटी बॅकअप परत आणा. उबंटूचा होम फोल्डर अख्खा वरून ओतू नका, जुन्या लपलेल्या सेटिंग नवीन व्हर्जनशी भांडतात, लागेल तेवढेच फोल्डर घ्या.

आणि ज्यांना सगळं पुसायचं नाही, फक्त उबंटू काढायचं आहे त्यांच्यासाठी: आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, रीस्टार्ट करून विंडोज सरळ उठतंय याची खात्री करा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून उबंटूचं पार्टिशन डिलीट करा. ईएफआय पार्टिशन डिलीट करायचं नाही, त्यात विंडोजचा पण बूटलोडर आहे. बायोसच्या यादीत उबंटूचं नाव मागे राहिलं तर राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.